गाडीमागे घर

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून आमच्या अम्मी पाणी पीत नाहीत, हे आम्हाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही अम्मींनी सांगितलं नाही, बेगमने सांगितलं.

झालं असं की मे महिन्यात नागपूरला एका निकाहला गेलो होतो. आर्णीला परत आल्यावर अम्मींना ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" अम्मी गप्प. घरी आल्यावर आम्ही जरा रागावूनच विषय काढला, तेव्हा बेगम म्हणाली, "त्यांना काय बोलता? रस्त्यात जायचं कुठे, ते सांगा आधी. मीही पीत नाही. सगळ्याच बायका असंच करतात." वीस वर्षं आम्ही गाडी चालवतोय. चहा कुठला चांगला, कुठल्या ढाब्यावर जेवण हलाल मिळतं, नमाजला जागा कुठे आहे, हे आम्हाला तोंडपाठ. कुठल्या ढाब्याच्या संडासाला कडी नाही, हे मात्र आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. पुरुषांना पाहायची गरज पडत नाही.

अम्मींचे गुडघे गेलेत. खाली बसता येत नाही. त्यामुळे कडी असली तरी कमोड नसतो. हैदराबादला त्यांची मोठी बहीण, आमच्या खालाजान, अंथरुणाला खिळल्या आहेत. दोघी बहिणी चार वर्षांत भेटल्या नव्हत्या. आम्ही विषय काढला की अम्मी म्हणायच्या, "आता नको रे, फोनवर बोलते की मी आपाशी." आम्ही समजत होतो, वयामुळे उत्साह राहिला नाही.

अशा वेळी मेलबर्नहून भाच्याचे फोटो आले. त्याच्या एसयूव्हीच्या मागे एक छोटं पांढरं घर जोडलेलं. आत पलंग, गॅस, बेसिन आणि कोपऱ्यात एवढंसं न्हाणीघर. बायको, दोन मुलं आणि हे घर घेऊन तो मेलबर्नहून अॅडलेडला निघाला होता, सव्वासातशे किलोमीटर. हे फोटो आमच्या मेहुण्याने पाहिले आणि त्याच संध्याकाळी तो दारात उभा. त्याने नुकतीच कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतलेली. म्हणाला, "दुल्हेभाई, ट्रॉली तर आपल्या आर्णीत बनते. आपणही एक घर बनवू. अम्मीजींना त्यात संडास, बिछाना, सगळं. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबाद!"

खोटं कशाला बोलायचं, आम्हालाही कल्पना भलतीच आवडली.

उर्दू शिकवणाऱ्याला तर हा शब्दच भुरळ घालतो. कारवाँ मूळचा फारसी. तो इंग्रजीत जाऊन कॅरव्हॅन झाला आणि चाकं लावून आपल्याकडे परत आला. त्याचा अरबी भाऊ म्हणजे काफिला. त्याचा धातू 'परतणे' या अर्थाचा आहे. जुने अरबी कोशकार सांगतात की निघणाऱ्या तांड्यालाच लोक 'परतणारा' म्हणत, म्हणजे सगळे सुखरूप परत येवोत असा शकुन नावातच बांधलेला. मोटारीमागे ओढायचं घर मात्र अलीकडचं. जर्मनीत इस्नी गावी आरिस्ट डेथलेफ्स नावाचा एक कारखानदार होता. चाबूक आणि स्कीच्या काठ्या विकायला तो महिनोन्महिने बाहेर असायचा. होणारी पत्नी चित्रकार होती, तिलाही सोबत जायचं होतं. म्हणून १९३१ साली त्याने मोटारीमागे जोडायचं राहतं घर बनवलं. तेव्हा घरातल्या बाईला सोबत नेता यावं म्हणूनच या वस्तूचा एक जन्म झाला, हे वाचून आम्ही मेहुण्याच्या बाजूला आणखीच झुकलो.

वेल्डिंगवाले चाचा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात, हात चांगला. त्यांनी एका छोट्या पाण्याच्या टँकरसाठी अर्धवट केलेला सांगाडा दाखवला. एक आस, दोन चाकं, पुढे दांडा. "यावर प्लाय ठोकतो, पत्रा चढवतो, आठ दिवसांत घ्या." भाव ठरला, बयाणा दिला. मग मेहुण्याने फोटो पाठवले आणि भाच्याचा फोन आला. आम्ही वाटच पाहत होतो शाबासकीची. तो म्हणाला, "मामू, वजन किती?"

"हलकं आहे, गाडी आरामात ओढेल."

"ओढायचं सोडा. थांबवणार कोण?"

ट्रॉलीला ब्रेक नव्हते. आपल्याकडच्या कित्येक ट्रॉल्यांना नसतात, आणि ट्रॅक्टर रमतगमत जातो म्हणून ते खपून जातं. मोटारीमागे जोडलेलं ओझं थांबवायचं काम मोटारीच्याच ब्रेकवर येतं, आणि ते ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनापुरते बनवलेले असतात. वेग ६० वरून ८० केला तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. ब्रिटनमध्ये नियम असा की ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंपेक्षा किंवा गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा, यांतलं जे कमी त्यापेक्षा जड नसावा. ब्रेक असलेल्या कॅरव्हॅनसाठीही नवख्यांना तिथे सल्ला देतात की भरलेलं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे नेऊ नका.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिकडे ज्याला छोटी एसयूव्ही म्हणतात, ती आपल्याकडे मोठी वाटेल. आपली कॉम्पॅक्ट एसयूव्ही ४ मीटरच्या आत कापलेली असते, कारण त्या मापात आणि छोट्या इंजिनात कर कमी लागतो. लांबी कमी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी, आणि मागे ओझं डोलायला लागलं की अशी गाडी लवकर सोबत डोलते. वजनही कमी. मेहुण्याची गाडी साधारण ११५० किलोंची, म्हणजे निम्मं ५७५. आणि दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या गाड्या सारख्या नसतात. भाच्याने स्वतःची गाडी घेताना पाहिलं होतं, तेव्हा ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या राव-फोर हायब्रिडचे दोन प्रकार मिळत होते. चारही चाकांना ताकद असलेला ब्रेकवाला १५०० किलोंचा ट्रेलर ओढू शकत होता, दोनच चाकांना ताकद असलेला ४८० किलोंचा. बाहेरून ओळखू येत नाही. गाडीच्या पुस्तिकेत बघावं लागतं. आम्ही मेहुण्याच्या गाडीची पुस्तिका उघडली. सीलबंद पिशवीतच होती. तिच्यात एकच वाक्य सापडलं: या वाहनाने ट्रेलर ओढण्याची शिफारस आम्ही करत नाही.

मेहुणा म्हणाला, "असं सगळेच लिहितात."

आम्ही म्हटलं, आधी काट्यावर चढवू. कापसाचा हंगाम अजून जोरात नव्हता, वजनकाटा मोकळा मिळाला. नुसता सांगाडा २२० किलो भरला. मग कागद घेऊन बसलो. प्लाय, पत्रा आणि छप्पर १८०, पलंग-कपाट ७०, संडासाचा आडोसा आणि कमोड ४०, भरलेला सिलिंडर, शेगडी, भांडी ४०, कपडे-गाद्या-डबे ८०. शेवटी पाण्याची टाकी. मेहुण्याला २०० लिटरची हवी होती. पाणी म्हणजे लिटरला किलो, त्यात सूट नाही. बेरीज ८३० आली. टाकी ४० लिटरची केली तरी ६७०. बेगमने कपड्यांवर कात्री चालवली, मेहुण्याने कपाट सोडलं. ६०० च्या खाली काही येईना.

काट्यावर एक शेतकरी काका आपली पाळी येईपर्यंत आमचं गणित ऐकत उभे होते. त्यांनी सांगाड्याचा दांडा हाताने उचलून पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, टाकी कुठं ठेवता?"

"मागे. संडास मागे आहे ना."

"मग बंडी उलाळ होईन."

उलाळ हा शब्द आम्ही कित्येक वर्षांनी ऐकला. बैलबंडीत मागे माल जास्त झाला की धुरा वर उठतो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, आणि बैल बिथरतात. पुढे जास्त भरलं तर मान दबते, बैल बसतो. बंडी भरणारा माणूस दोन्हींच्या मधलं माप हाताने ओळखतो. मानेवर थोडा भार हवाच, पण बेताचा.

रात्री भाच्याला हे सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, "मामू, मी हेच शिकायला पैसे भरले." मग त्याने फोटोंत नसलेली हकीकत सांगितली. पहिल्याच सफरीत त्यांनी तांदळाची गोण, पाण्याचे कॅन आणि मुलांच्या सायकली कॅरव्हॅनच्या अगदी मागच्या टोकाला ठेवल्या, कारण दार मागे होतं आणि काढायला सोपं पडत होतं. हॉर्शमच्या पुढे सरळसोट रस्ता, वेग शंभरच्या आसपास. एक लांबलचक ट्रक शेजारून ओलांडून गेला. ट्रकची हवा आधी ढकलते, मग ओढते. कॅरव्हॅनने एक झोका घेतला, मग दुसरा त्याहून मोठा, आणि तिसऱ्या झोक्याला गाडीचं मागचं टोकच डावीकडे-उजवीकडे जायला लागलं. "मला वाटलं स्टेअरिंग माझ्या हातात नाही, मागच्या घराच्या हातात आहे." मागे मुलं रडायला लागली. त्याला शिकवलेलं एवढंच आठवलं की जोरात ब्रेक मारायचा नाही, वेग वाढवून ओढून सरळ करायला जायचं नाही, स्टेअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. पाय उचलायचा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. सत्तरच्या खाली आल्यावर कॅरव्हॅन शांत झाली. तो रस्त्याच्या कडेला उतरला, आणि म्हणाला, पहिल्यांदा शुक्राचे दोन रकात इतक्या थरथरत्या पायांनी पढलो.

आता तो काय करतो, तेही ऐकण्यासारखं आहे. जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. मागच्या टोकाला फक्त उशा-पांघरुणं. निघण्यापूर्वी घरातला वजनाचा काटा, ज्यावर त्याची बायको दर सोमवारी उभी राहते, तो कॅरव्हॅनच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून टेकवतो आणि मानेवरचा भार मोजतो. तिकडे एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के धरतात. युरोपातल्या हलक्या कॅरव्हॅनना पाच ते सात टक्के सांगतात. हा भार गाडीच्या मागच्या आसावर येतो, म्हणजे गाडीत एक धिप्पाड माणूस जास्त बसवल्यासारखंच. डिकी तेवढी रिकामी ठेवायची. वेग नव्वदच्या पुढे नाही. उतारावर आधीच खालचा गिअर, म्हणजे इंजिन वेग धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. ओलांडताना गाडी आणि घर मिळून केवढे लांब आहोत, हे विसरायचं नाही. रिव्हर्स घेताना स्टेअरिंग खालच्या बाजूला धरायचं. हात डावीकडे नेला की घराची शेपटीही डावीकडे जाते. हे त्याने रिकाम्या मैदानात दोन रविवार घोटलं. आणि जोडणीच्या गोळ्याखेरीज दोन साखळ्या, त्याही दांड्याखाली एकमेकींना ओलांडून. गोळा सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. उंट आधी बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे. इथे उंट दोनदा बांधायचा असतो.

मेहुणा अजून अडून होता. साखळ्या लावू, टाकी पुढे घेऊ, वेग पन्नास ठेवू. मग कागदपत्रांचा प्रश्न आला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा 'मोटार वाहन'च आहे. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते. मागचं ओझं स्वतः बनवलंय म्हणून ते बिननावाचं राहत नाही. २०२१ साली आपल्या सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात मागे ओढायच्या कॅरव्हॅन आणि तंबूच्या ट्रेलरचेही प्रकार धरले आहेत. पण तेही नोंदणी केलेल्या, मान्यता मिळालेल्या वाहनांसाठी. चाचांच्या अंगणातल्या टँकरच्या सांगाड्यासाठी नाही. एका एजंटाने मेहुण्याला सांगितलं, "कोण बघतं? रात्री निघा."

ते 'रात्री निघा' ऐकलं आणि आमच्या मनातून ते घर उतरलं. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील रात्री दुचाकीवरून गावाकडे येताना उभ्या ट्रॉलीला मागून धडकले. कापसाची ट्रॉली, चाक पंक्चर म्हणून रस्त्यातच थांबवलेली. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. ट्रॉलीवाला वाईट माणूस नव्हता. तो जॅक आणायला गेला होता. मय्यतीला आम्ही गेलो होतो. मुलगा आता बारावीला आहे, आणि रस्त्यात भेटला की आम्हीच आधी नजर खाली घालतो, का ते माहीत नाही. या भागात मागे काहीतरी जोडून चालवणं इतकं रोजचं आहे की त्यात काही शिकण्यासारखं आहे, हेच कुणाला पटत नाही. आपण धडकून मेलो तर तो आपला हट्ट. मागून येणाऱ्याने काय केलंय?

हे सगळं मेहुण्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चाचांना जाऊन म्हणाला, सांगाडा तुम्हीच ठेवा. चाचांनी बयाण्यातले अर्धे पैसे परत दिले, अर्धे चहापाण्याला कापले. ठीकच केलं म्हणायचं.

अम्मींना मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. सुट्टी तर लागली होती. तेव्हा बेगमने विचारलं, "त्या सहाशे किलोंतलं आपल्याला नक्की काय हवं होतं?" हवा होता एक कमोड, चार भिंती आणि हात धुवायला पाणी. यवतमाळला रुग्णसाहित्याच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, खाली डबा असलेली. एका हातात उचलता येते. कपडे बदलायचा उभा तंबू मिळतो, घडी केला की ताटाएवढा होतो. दोन्ही डिकीत मावले, सोबत पाण्याचे दोन कॅन, झाकणाची बादली आणि जाड पिशव्या. रस्त्यात कुठे थांबायचं ते या वेळी आम्ही ठरवलं नाही, बेगमने ठरवलं. तिने आधीच तीन ठिकाणी फोन करून विचारून ठेवलं होतं की बायकांचं स्वच्छतागृह आहे का, कमोड आहे का, आणि आतून कडी आहे का. पेट्रोल पंपावरच्या पोरांना असले प्रश्न कधी कोणी विचारले नसावेत. एकाने फोन ठेवून खरंच पाहून येऊन उत्तर दिलं, अल्लाह त्याचं भलं करो.

यवतमाळ, पांढरकवडा, आदिलाबाद करत चारशेहून अधिक किलोमीटर गेलो. दिवसाउजेडी, फजर पढून निघालो. निघताना बेगमने अम्मींच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि डिकी उघडून खुर्ची दाखवली. अम्मी लाजल्या, मग हसल्या. तंबू दोनदाच उभारावा लागला, एकदा आदिलाबादच्या अलीकडे आणि एकदा निर्मळचा मेहबूब घाट उतरल्यावर. पहिल्या वेळी आम्हाला तो उघडताच येईना, वाऱ्याने उडून झुडपात गेला आणि मेहुणा त्याच्यामागे धावला. हैदराबादला पोहोचेपर्यंत अम्मींनी दोन बाटल्या संपवल्या होत्या. आम्ही मोजत होतो.

खालाजानच्या पलंगाजवळ दोघी बहिणी तीन दिवस बसल्या. काय बोलल्या ते आम्हाला माहीत नाही, खोलीत आम्हाला थांबू दिलं नाही.

मेहुण्याचं वेड गेलेलं नाही. भाच्याकडून त्याने छोट्या थेंबाच्या आकाराच्या कॅरव्हॅनची माहिती मागवलीय. ब्रेक, दिवे, सगळं कारखान्यातून बसवलेलं, वजनही बेताचं. आपल्याकडे नोंदणीसकट असं काही मिळतं का, याची तो चौकशी करतोय, आणि पुढची गाडी घेताना आधी पुस्तिका वाचणार म्हणतो. परवा तो हे फोटो अम्मींना दाखवत होता. अम्मींनी चष्मा लावून ते घर नीट पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आतून कडी लागते का, तेवढं विचार."